घरात पेटी घेताना

त्र्यंबकेश्वरच्या आमच्या घरात, माळ्यावर, एक हार्मोनियम तीस वर्षे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. गेल्या दिवाळीच्या सुटीत दहा वर्षांची नात नाशिकहून राहायला आली आणि लपंडाव खेळता खेळता तिला ती सापडली. "नानाजी, ही पेटी कोणाची?" तिने विचारले. "तुझ्या मम्मीची," मी म्हणालो. "मग मम्मी वाजवत का नाही?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे मी तीन दशके समजत होतो. ते उत्तर चुकीचे होते, हे पुढे महिनाभराने कळले.

आपल्या समाजातील अनेक घरांत आज मुलांना गाणे-वाजवणे शिकवण्याची हौस आहे. स्तवने, स्नात्रपूजा, संध्याकाळची भक्तिभावना यांत पेटीची साथ असते, म्हणून घरात पहिले वाद्य येते ते बहुधा पेटीच. परंतु दागिना घेताना कस पाहणारे, कापड घेताना ताणा-बाणा चिमटीत धरून पाहणारे आपण लोक, पेटी घेताना मात्र पॉलिश पाहून घेतो. मीही तेच केले होते. त्या चुकीचा हिशेब येथे मांडतो, म्हणजे तो इतर कोणाला पुन्हा भरावा लागू नये.

चुकलेली खरेदी

१९९३ साली माझी बदली त्र्यंबकच्या शाखेत झाली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. गळा गोड. पर्युषणात ती स्तवन म्हणू लागली की बायका हातातली कामे थांबवीत. गावात भजनाच्या साथीला पेटी वाजवणारे एक गुरुजी होते. त्यांच्याकडे तिची शिकवणी सुरू झाली. दोन महिन्यांनी ते म्हणाले, "साहेब, आता घरी पेटी हवी. पण घ्यायला जाल तेव्हा मला बरोबर न्या."

मी त्यांना नेले नाही. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला खरेदीच्या बाबतीत दुसऱ्याचे बोट धरणे कमीपणाचे वाटते, त्यातून मी बँकेचा अधिकारी. एका शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपून एसटीने नाशिक गाठले. दुकानातली सर्वांत चकाकणारी, पुढे नऊ खुंट्या असलेली पेटी मला आवडली. दुकानदाराने बावीसशे रुपये सांगितले, मी साडेसतराशेला आणली. साडेचारशे रुपये कसे वाचवले ही कथा मी पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली. पेटी वाजवून पाहिली का, असे मात्र कोणी विचारले नाही, आणि मला वाजवता येतही नव्हते.

उन्हाळा लागला तशी मुलगी तक्रार करू लागली. "पप्पा, हात दुखतो." मग, "पप्पा, सूर टिकत नाही." मला वाटले, कष्ट नकोत म्हणून सबबी सांगते आहे. मी सांगत राहिलो की विद्येला चिकाटी लागते. पुढच्या दिवाळीपर्यंत शिकवणी सुटली. 'हिला चिकाटी नाही' हे वाक्य मात्र घरात राहिले. दहावीनंतर तिने वाणिज्य शाखा नाकारली तेव्हाही मी तेच वाक्य उच्चारले. ती काही बोलली नाही.

नातीच्या हट्टाने ती पेटी मी या वर्षी नाशिकच्या एका वृद्ध कारागिरांकडे दुरुस्तीला नेली. त्यांनी वरचे झाकण काढले, आत प्रकाश धरून पाहिले, भाता दोनदा हलवला आणि खाली ठेवला. "साहेब, सूर पालिताण्याचे आहेत, चांगले आहेत. पण पेटी केली तेव्हा लाकूड ओलं होतं. वाळल्यावर सांधे उघडले. भात्यात हवा राहतच नाही. कोणासाठी घेतली होती?" मी सांगितले, नऊ वर्षांच्या मुलीसाठी. ते म्हणाले, "पोरगी कशी वाजवणार? मोठ्या माणसाचा हात भरून येईल." थोडे थांबून पुढे म्हणाले, "तेव्हाच आणली असती तर दोन दिवसांचं काम होतं."

कर्जासाठी आलेल्या तारणाचे मूल्यमापन करण्यात माझे आयुष्य गेले. पण घरातल्या या एका वस्तूचे झाकण मी कधी उघडून पाहिले नव्हते. त्या दिवसापासून कारागीर, शिक्षक, साथीदार अशा जाणत्यांना विचारत मी पेटीचे शास्त्र समजून घेतले. ते आता क्रमाने सांगतो.

आधी हेतू, मग पेटी

कर्जाच्या अर्जात पहिला रकाना हेतूचा असतो. पेटीच्या बाबतीतही तोच पहिला प्रश्न: वाजवणार कोण, आणि कशासाठी?

शिकणाऱ्यांच्या पायऱ्या ठरवण्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा आधार घेता येतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी ती शिडी आहे. ज्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतून हे मंडळ १९३१ मध्ये उभे राहिले, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सामान्य गृहस्थांच्या घरांपर्यंत आणले. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या नाशकातच रामनाम आधार आश्रम स्थापन केला होता. घरातल्या मुलीने पेटीपुढे बसून गावे ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

पहिली पायरी प्रारंभिक ते प्रवेशिकेची. या विद्यार्थ्याला दोन ओळींच्या सुरांची, तीन ते साडेतीन सप्तकांची, हलक्या भात्याची साधी पेटी पुरते. दुसरी पायरी घरगुती भक्तीची आणि मध्यमेच्या विद्यार्थ्याची. आठ-दहा माणसे एकत्र गाणार असतील तर आवाज भरीव हवा. अशा ठिकाणी साडेतीन सप्तके आणि कपलर उपयोगी पडतो. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली असता तिची एका सप्तकाच्या अंतरावरची जोडीदार पट्टीही आपोआप दाबणारी योजना. तिसरी पायरी विशारदकडे निघालेल्यांची, अथवा निरनिराळ्या गायकांना साथ करणाऱ्यांची. त्यांना तीन ओळींची, म्हणजे खर्ज, नर आणि मादी असे तिन्ही सूर असलेली पेटी लागते, आणि पुष्कळांना स्केल चेंजरही लागतो.

स्केल चेंजरविषयी घरोघरी गैरसमज आहे. या योजनेत पट्ट्यांची संपूर्ण फळी डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे बोटे त्याच पट्ट्यांवर ठेवून वेगळ्या स्वरात वाजवता येते. आज काळी एकमध्ये गाणारा गायक आणि उद्या काळी चारमध्ये गाणारी गायिका, अशी साथ करणाऱ्याची त्याने मोठी सोय होते. नवशिक्या मुलाला मात्र त्याची गरज नाही. किंमत वाढते, वजन वाढते, यंत्रणा नाजूक होते, आणि वेगवेगळ्या स्वरांतून बोटे फिरवण्याचा जो अभ्यास व्हायला हवा तो टळतो. 'घ्यायचीच तर सगळ्यात भारी' हा आपला नेहमीचा उत्साह येथे आवरावा. विद्यार्थी आज ज्या पायरीवर आहे तिच्यापेक्षा एकच पायरी वरची पेटी घ्यावी. ती चार-सहा वर्षे पुरते, आणि तोवर मुलाचा कल आपोआप कळतो.

पेटीच्या पोटात

हार्मोनियम मूळची आपली नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ यांनी तिला हे नाव दिले. ती पायाने भाता चालवायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. तरीही महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी या परक्या पेटीला मराठी मनाची संवादिनी केले.

तिचा प्राण म्हणजे सूर, अर्थात रीड. पितळेच्या पट्टीत कोरलेल्या खाचेवर पितळेचीच पातळ जीभ रिव्हेटने बसवलेली असते. हवा तिला हलवते आणि नाद निघतो. जिभेचे टोक किंचित खरवडले की स्वर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. सगळी जुळणी या खरवडण्यावर चालते. ३७ पट्ट्यांच्या दोन ओळींच्या पेटीत असे ७४ सूर असतात, आणि प्रत्येक हाताने जुळवलेला असतो.

येथे एक तुलना मनात ठेवण्याजोगी आहे. लग्नात वाजणारी आपली सनई आणि पाश्चात्त्यांचा ओबो या एकाच कुळातल्या बहिणी. दोघींचा नाद ओठांत धरलेल्या वनस्पतीच्या दुहेरी पत्तीतून निघतो. ती पत्ती झिजते, म्हणून वादकाला सतत नवी लावावी लागते. पत्ती वाईट निघाली तर तोटा थोड्या दिवसांचा. पेटीचे तसे नाही. तिच्या जिभा धातूच्या आणि आत कायमच्या बसवलेल्या. त्या चांगल्या असतील तर दोन पिढ्या वाजतात, वाईट असतील तर तितकीच वर्षे कानाला छळतात. म्हणून पेटीत सर्वाधिक पैसा जायचा असेल तर तो सुरांवर जावा.

पालिताणा म्हटले की आपल्याला शत्रुंजय आठवतो आणि डोंगराच्या पायऱ्या आठवतात. त्याच गावात हार्मोनियमचे सूर तयार होतात आणि देशभरच्या पेट्यांत ते बसवले जातात, हे आपल्यातील अनेक यात्रेकरूंना ठाऊक नसते. मी स्वतः तीन वेळा पालिताण्याला जाऊन आलो, पण तळेटीच्या गावात हा उद्योग आहे याची मला वार्ता नव्हती. जुन्या पेट्यांत जर्मनीचे वा पॅरिसचे सूर आढळतात, त्यांना जाणकारांत फार मान आहे. परंतु 'जर्मन सूर' हे शब्द विक्रीसाठी सर्रास वापरले जातात. झाकण उघडून जाणत्याने पाहिल्याखेरीज त्यावर पैसे मोजू नयेत.

सुरांच्या खालोखाल लाकूड. चांगल्या पेटीला जुने, मुरलेले सागवान वापरतात. लाकूड नीट वाळलेले नसेल तर सांधे उघडतात आणि हवा निसटते. आमच्या पेटीचे हेच झाले होते. सूर उत्तम, पण त्यांना वारा पुरवणारे घर फुटके.

दुकानातल्या सहा कसोट्या

या कसोट्या वाजवता न येणारा माणूसही करू शकतो. अर्धा तास लागतो. तेवढा वेळ देण्यास दुकानदार नाखूश असेल तर दुसरे दुकान पाहावे.

पहिली कसोटी भात्याची. भाता हवेने भरावा, एकही पट्टी न दाबता भाता मिटवण्याचा प्रयत्न करावा. धड पेटीत हाताला ठाम विरोध जाणवतो. भाता मऊपणे मिटत गेला तर हवा गळते आहे. मग एकच पट्टी दाबून, एका भरलेल्या भात्यात सूर किती वेळ टिकतो ते मोजावे आणि दोन-तीन पेट्यांत तुलना करावी. पेटी मुलासाठी असेल तर ही कसोटी मुलाच्याच हाताने करावी. मी १९९३ साली एवढी एक गोष्ट केली असती तरी पुरे होते.

दुसरी कसोटी शांततेची. भाता चालू, पट्टी एकही दाबलेली नाही, अशा वेळी आतून कोणताही सूर कुणकुणता कामा नये.

तिसरी कसोटी प्रत्येक पट्टीची. डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी अगदी कमी हवेत दाबावी. प्रत्येक सूर लगेच आणि सारख्या जोराने बोलला पाहिजे. एखादा उशिरा बोलत असेल, फरफरत असेल, तर तो सूर सदोष आहे. पट्टी सोडल्यावर ती चटकन वर यावी, शेजारच्या पट्टीला घासू नये, लाकडाचा खडखडाट होऊ नये.

चौथी कसोटी जुळणीची. एकच पट्टी दाबून दोन्ही ओळींचे सूर एकत्र ऐकावे. ते जुळलेले असतील तर एकच सरळ नाद येतो. नसतील तर नादात लहरी येतात, जणू कोणी आवाज आत-बाहेर करतो आहे. मग सा आणि वरचा सा, सा आणि पंचम अशा जोड्या ऐकाव्यात. मोबाइलवर स्वर मोजणारे ॲप मिळते. पेटी ४४० च्या आंतरराष्ट्रीय मापाला जुळवलेली आहे का ते त्यावर दिसते. पुढे मुलाला इतर वाद्यांबरोबर बसायचे असेल तर हे आवश्यक आहे.

पाचवी कसोटी झाकणाखालची. वरची फळी उघडायला सांगावी. आतले लाकूड भेगाळलेले नाही ना, सांधे भुशाने आणि सरसाने बुजवलेले नाहीत ना, स्प्रिंगा गंजलेल्या नाहीत ना, हे पाहावे. बाहेरचे पॉलिश डोळ्यांना दिसते, कारागिराची नियत मात्र झाकणाखाली कळते.

सहावी कसोटी वजनाची. पेटी उचलून चार पावले चालावे. रोज जी वस्तू काढणे-ठेवणे जड जाते ती हळूहळू माळ्यावर जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि या सर्वांवर एक गोष्ट: मुलाच्या शिक्षकांना बरोबर न्यावे. त्यांच्या प्रवासाचा खर्च द्यावा आणि त्यांच्या वेळाचा मान राखावा. त्यांच्या कानाला जे पाच मिनिटांत कळते ते आपल्या घासाघिशीला आयुष्यभर कळत नाही.

पैशाचा हिशेब

आजचे दर शहरागणिक आणि कारागिरागणिक वेगळे असतात, तरी ढोबळमानाने सांगतो. नवशिक्यासाठी दोन ओळींची बरी पेटी दहा ते वीस हजारांत बसते. कपलरची, साडेतीन सप्तकांची, चांगल्या सुरांची पेटी वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जाते. तीन ओळींची आणि स्केल चेंजरची पेटी चाळीस हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाऊ शकते.

रक्कम कशावर खर्च होते हे समजून घ्यावे. सूर, जुळणी, लाकूड आणि भाता यांवरचा खर्च कामाचा. समोरच्या खुंट्यांची रांग, कोरीवकाम, आरसे आणि सोनेरी पट्ट्या यांवरचा खर्च केवळ शोभेचा. खुंट्यांपैकी काही हवेचा मार्ग उघडतात, काही एकच स्वर अखंड धरून ठेवतात. नऊ खुंट्यांची पेटी पाच खुंट्यांच्या पेटीपेक्षा चांगली, असा मुळीच नियम नाही.

घासाघीस करावी, ती आपल्या रक्तातच आहे. पण ती वेगळ्या गोष्टींसाठी करावी. दोन हजार रुपये कमी करण्याऐवजी सांगावे की सहा महिन्यांनी एकदा जुळणी मोफत करून द्या, पावतीवर सुरांचा प्रकार लिहा, दोष निघाल्यास बदलून द्या. नवी पेटी पहिल्या वर्षात थोडी उतरतेच, म्हणून जुळणीचे हे आश्वासन मोलाचे. पावती पक्की घ्यावी.

अंदाजपत्रक बेताचे असेल तर जुनी पेटी हा उत्तम मार्ग आहे. ज्या घरातला वाजवणारा गेला, त्या घरात उत्कृष्ट पेट्या धूळ खात पडलेल्या असतात. जुन्या तारणाचे मूल्यमापन करताना आम्ही दुरुस्तीचा खर्च वजा करत असू, तसेच येथे करावे. आधी कारागिराकडून जुळणी, भाता आणि स्प्रिंगांचा अंदाज घ्यावा आणि मग किंमत बोलावी. पहिले सहा महिने नातेवाइकांची किंवा मंडळाची पेटी वापरायला आणता आली तर त्याहून चांगले. गरजेपुरताच संग्रह ही शिकवण आपल्याला नवी नाही.

चामडे आणि सरस

एक प्रश्न आपल्या घरांत हमखास विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. पेटीत चामडे असते का? पारंपरिक बनावटीत असते. भात्याचे कोपरे, हवा आत घेणाऱ्या झडपा आणि पट्ट्यांखालची हवाबंद गादी यांना पातळ कातडे लावण्याची पद्धत आहे. लाकूड जोडण्याचा जुना सरसही प्राणिज असतो. फार जुन्या पेट्यांच्या पट्ट्यांवर हस्तिदंतही आढळतो.

ऑर्डर देण्यापूर्वी स्पष्ट सांगितले तर कापड, रेक्झिन किंवा कृत्रिम नमदा वापरून आणि कृत्रिम सरस वापरून पेटी करून देणारे कारागीर भेटतात. थोडे दिवस आणि थोडे पैसे अधिक लागतात. तयार पेटीविषयी दुकानदार "नाही हो, चामडं कुठलं," असे सहज म्हणून जातो, म्हणून झाकण उघडूनच खात्री करावी. आमची जुनी पेटी दुरुस्त करताना झडपा रेक्झिनच्या बसवून घेतल्या. आवाजात मला तरी फरक जाणवला नाही.

त्र्यंबकचा पाऊस

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पाऊस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आषाढ-श्रावणात येथे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, मिठाला पाणी सुटते, दारे चौकटीत अडकतात. मग पेटीचे काय होत असेल? लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पोलादी स्प्रिंगा गंजतात, कापडाला बुरशी धरते. सूर पितळेचे म्हणून गंजत नाहीत, पण त्यांवर काळसर थर बसतो आणि स्वर हलतो. हेच लाकूड चैत्र-वैशाखात आक्रसते. कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्या वाचकांनाही हे लागू आहे.

उपाय साधे आहेत. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये, लाकडी पाटावर ठेवावी. सुती आवरण घालावे, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू नये, आत दमट हवा कोंडते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीच्या खोक्यात ठेवाव्यात. कडक उन्हात वाळत घालू नये, फळ्या वाकतात. कडुनिंबाची सुकी पाने ठेवली की कसर येत नाही, आणि जीव मारण्याची वेळही येत नाही. उंदराला भात्याचे कापड फार प्रिय, तेव्हा पेटी झाकलेल्या खोक्यात असावी. सर्वांत उत्तम औषध म्हणजे रोज वाजवणे. वापरातल्या भात्यातून हवा खेळती राहते. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, वर्षातून एकदा जुळणी करून घ्यावी.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पेटीचे बारा स्वर ठरलेले असतात. आपल्या गाण्यातले स्वर त्याहून सूक्ष्म जागी उभे राहतात, म्हणूनच डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा ध्यास घेतला. मुलाने केवळ पेटीवर गळा जुळवू नये. रोज थोडा वेळ तंबोऱ्याबरोबर सा लावावा. मोबाइलवरचा तंबोरासुद्धा सुरुवातीला चालेल.

नवी पेटी

जुनी पेटी दुरुस्त झाली, पण नातीसाठी शिक्षकांनी लहान आणि हलकी पेटी सुचवली. या खेपेस मी एकटा गेलो नाही. शिक्षक होते, नात होती, आणि मी मुलीलाही फोन करून सांगितले, "बेटा, तूही चल. मला त्यातले काही कळत नाही." बत्तीस वर्षांनी हे वाक्य बोललो. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "येते, पप्पा."

दुकानात चार पेट्या मांडल्या होत्या. सर्वांत चकाकणारीकडे माझी नजर गेलीच. मुलगी मात्र जमिनीवर बसली, एकेका पेटीचा भाता भरून हाताने तोलू लागली. तिसऱ्या पेटीपाशी ती थांबली. डाव्या हाताने भाता सावकाश चालू ठेवून तिने सा धरला. कोणी सांगितले नव्हते, तरी लहानपणीचे स्तवन तिच्या तोंडून दोन ओळी निघून गेले. मग तिला भान आले आणि ती हसली.

"ही घ्या," ती म्हणाली. "हिला हात दुखत नाही."

किंमत सोळा हजार होती. पावतीवर मी सुरांचा प्रकार लिहून घेतला, एका जुळणीचे आश्वासन घेतले, आणि रक्कम पूर्ण दिली. नाशिकहून परतताना गाडीत मागच्या सीटवर नात आणि पेटी होती. अंजनेरीच्या पुढे मी मुलीला कारागिरांनी सांगितलेले सगळे सांगितले: ओले लाकूड, उघडलेले सांधे, न टिकणारी हवा. "चूक पेटीची होती, आणि पेटी माझी निवड होती," मी म्हणालो. "चिकाटीचे ते वाक्य मी परत घेतो."

ती खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "जुनी पेटी मी नाशिकला घेऊन जाऊ का, पप्पा?"

आता आमच्या माळ्यावर चादर तेवढी उरली आहे.